थोरल्यांचा पांढरा भात

"मास्तर, तुमची उपासमार झाली आहे," डॉक्टर म्हणाले. मला हसू आलं. दोन्ही वेळा ताटभर भात जेवणारा माणूस मी. पण हसता हसताच धाप लागली आणि इस्पितळातल्या खाटेची कड धरावी लागली.

आजाराचं नाव बेरीबेरी. व्हिटॅमिन बी-वन नावाचं जीवनसत्त्व अंगातून संपत जातं. मग पायांना मुंग्या येतात, सूज चढते, शेवटी काळीज थकतं. "ते तांदळाच्या कोंड्यात असतं. तुम्ही भात कुठला खाता?" त्यांनी विचारलं.

इथं आमच्याकडची रीत सांगायला हवी. स्वातंत्र्यानंतर रेवसच्या बाजूला भाताची गिरणी आली. तेव्हापासून घरातल्या थोरल्याला गिरणीचा पांढराशुभ्र भात वाढायचा, हा त्याचा मान. बाकीच्यांना घरच्या उखळात कांडलेला, कोंडा राहिलेला लाल भात. पेज गाळून वासराला घालायची. दात गेल्यावर माझी मासळी सुटली, वात होतो म्हणून डाळही बंद झाली. उरला भात आणि कोकमाचं सार. सून इतक्या मायेनं वाढायची की तक्रार करायला तोंड नव्हतं. मुंग्या आल्या, सूज आली, मी म्हातारपण म्हणून सोडून दिलं.

इंजेक्शनं सुरू झाली आणि सूज उतरू लागली. पण जिवाला घोर लागला तो धर्मादादाचा. माझा थोरला भाऊ, शेजारच्याच घरात राहणारा. त्याचे पाय माझ्याहून सुजलेले आणि गावात मानही माझ्याहून मोठा. त्याचा तांदूळ तर दोनदा गिरणीतून काढलेला.

दादाला लाल भात वाढा, असा निरोप देऊन मी मुलाला पाठवलं. तो तोंड पाडून परतला. दादाचा मुलगा त्याला म्हणाला होता, "बापाला गड्याचा भात वाढू? गावान तोंड कसा दाखवू?" आणि दादा म्हणाला, "मास्तरला इस्पितळाचा वारा लागलाय. मना काय झाला न्हाय."

हे ऐकून डॉक्टर म्हणाले, "त्यांना आजच घेऊन या. असं काळीज सांगून थांबत नाही."

मुलगा गाडी घेऊन पोचला तेव्हा दादाला ओटीवर निजवलं होतं. जेवून उठताना तो कोसळला, तो गेलाच. मला फार राग आला, पण कुणावर काढणार? त्याच्या घरात त्याच्यावर सगळ्यांचा जीव होता.

मी वाचलो, त्या डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही. तुमच्या घरी कुणी म्हातारं असेल तर ते किती जेवतं एवढंच पाहू नका, काय जेवतं तेही पाहा.

तेराव्याला पंगत बसली. आता थोरला मी. पुतण्यानं स्वतः माझ्यापुढे पांढरा भात आणला. मी पानावर हात धरला. "मना लाल भात आन," मी म्हटलं.  माझी सून उठली आणि घरून पातेलं घेऊन आली.

शेजारी माझ्याच वयाचे आमचे धाकटे मामा बसले होते. सुजेनं त्यांना मांडी घालता येत नव्हती, पाय लांब करूनच जेवत होते. मी सुनेला खुणावलं. ती पातेलं घेऊन त्यांच्यापुढे वाकली.

"आमचे घरान गिरनीचा तांदूळ हाय गो," मामा म्हणाले आणि पांढरा भात कालवू लागले.