बाबांनी वाहिलेलं पहिलं फूल

दसऱ्याच्या सकाळी चिंचेने ट्रंपेट घासायला बसलो की तो आंबट वास मला परळच्या चाळीत नेतो. मी लहान असताना एका दसऱ्याला गिरणीत फिटर असलेल्या बाबांनी अंगणात जुनी स्कूटर धुऊन उभी केली होती, शेजारी पान्यांची पूजा मांडली होती. चोरबाजारातून आणलेलं माझं पोचे आलेलं ट्रंपेट मी कॉटखाली ढकललं होतं, कारण बाबा त्याला भोंगा म्हणायचे.

त्यांनी मान वर केली. "तुजा हत्यार खंय आसा?"

मी धावत आणलं. त्यांनी झेंडूचं पहिलं फूल स्कूटरला न वाहता माझ्या ट्रंपेटला वाहिलं. तेव्हा मी नुसता लाजलो. आता बाबांची ती स्कूटर दुर्मीळ झाली म्हणून बघायला लोक घरी येतात, तेव्हा मी आधी ट्रंपेट दाखवतो.