मामांचं सातवं कलम

आंतरराष्ट्रीय करार कलमांसकट पाठ असलेला माणूस लंडनजवळच्या आमच्या अख्ख्या वॉटफर्डमध्ये एकच, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा, हे मी पैज लावून सांगतो. मामा लहान मुलांचे डॉक्टर. उमेदीची बारा वर्षं पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात काढून इथल्या हॉस्पिटलात आले. देश सुटला, पण तिथली पोरं काही मनातून सुटेनात. १९९०च्या सुमारास मुलांच्या हक्कांचा जागतिक करार झाला, त्या देशानं त्यावर सहीही केली, आणि मग गाडी अडली. ‘सही म्हणजे नुसता साखरपुडा, लग्न पार्लमेंटात लागतं,’ असं मामा भेटेल त्याला समजावत. त्या लग्नासाठी दर सोमवारी त्या देशाच्या लंडनमधल्या वकिलातीला त्यांचं पत्र जाई. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवातही ते एकदा शिरले आणि वाण घ्यायला आलेल्या बायकांना अर्धा तास करार ऐकवून आले. आम्ही चावटपणे विचारायचो, ‘काय मामा, मुहूर्त निघाला का?’ ते गंभीरपणे म्हणायचे, ‘बोलणी चालू आहेत.’

त्यातही सातव्या कलमावर त्यांचा भारी जीव. मूल जन्मलं की लगेच त्याची सरकारदरबारी नोंद झालीच पाहिजे, असं ते कलम. आमची मुलगी झाली तेव्हा नाव ठेवायला तिची आत्या, म्हणजे माझी बहीण, पुण्याहून यायची होती. मामांना कुठला धीर! चौथ्या दिवशी मला दंडाला धरून रजिस्ट्रारकडे नेलं. तिथल्या बाईंनी नाव विचारलं, मी म्हटलं, अजून ठेवायचंय. मामा म्हणाले, नाव मागाहून लावता येतं, पोर आली एवढं आधी लिहून घ्या. आणि खरंच तसं लिहून घेतलं हो! बहिणीला हे कळलं तेव्हा भर बारशात ती मामांशी अक्षर बोलली नाही. मामांनी मात्र दोनदा मागून घुगऱ्या खाल्ल्या.

पुढे एका शनिवारी मामा वकिलातीचं पत्र नाचवत आमच्या किचनमध्ये आले. त्या देशानं कराराला मान्यता दिली होती. सातवं कलम त्यांनी उभ्यानं, खणखणीत मराठीत म्हणून दाखवलं. मी म्हटलं, पार्टी तुमच्या वाढदिवसालाच करू, एक जूनला.

मामा खुर्चीत बसले. ‘एक जून हेडमास्तरांचा रे. शाळेत घालताना त्यांनी आम्हा सगळ्यांना तोच लावला. माझा खरा कुठला, ते फक्त आईला ठाऊक होतं. मी विचारण्याएवढा होईपर्यंत ती राहिलीच नाही.’ मग पत्राची नीट घडी घालत म्हणाले, ‘आता तिथल्या पोरांना कुणाला विचारत बसायला नको.’

इतकी वर्षं आम्ही या माणसाला एक जूनला केक कापायला लावत होतो, आणि आमचा आनंद मोडू नये म्हणून तो मुकाट्यानं कापत होता.