लिंबाखालच्या चपला

काल दारात काढलेल्या चपलांना ओल्या काळ्या मातीचा वास आला आणि मी एकदम आमच्या गावाकडच्या पिंगळी स्टेशनवर जाऊन पोचले.

परभणीच्या कापडदुकानात नोकरीचा माझा तो पहिला दिवस होता. शेजारची सुमनमावशी तिथल्या दवाखान्यात आया होती. परभणीची गाडी पकडायला तिच्यासोबत मी चिखल तुडवत स्टेशनवर आले. लिंबाच्या झाडाखाली तिनं चिखलाच्या चपला काढल्या, पाय धुतले आणि पिशवीतल्या कोरड्या चपला घातल्या. तिथं आधीच चपलांची रांग लागली होती.

"मावशी, कुणी नेल्या तर?"

"कोन नेतंय गं? सांजच्याला समद्यांलाच ह्याच चिखलातून घरी जायचं हाय."

मग ती एकेक जोड दाखवू लागली. "ह्या कोर्टातल्या शिपायाच्या. ह्या औषधाच्या दुकानातल्या पोरीच्या. अन् ह्या शाळेतल्या बाईंच्या."

मी बघतच राहिले. तोवर मला वाटायचं, परभणी चालवणारी माणसं परभणीतच राहत असतील. इथं तर अख्खं शहर झाडाखाली चिखलानं माखून पडलं होतं, आणि राखायला कुणीच नव्हतं.

आता मी परभणीतच राहते. सकाळी बाजारातली शटरं वर जाताना ऐकली की वाटतं, कुठल्यातरी लिंबाखाली चपला काढून झाल्या.