अप्पांचा शिक्का

परीक्षेच्या आठवणी जुन्या मासिकांसारख्या असतात. टाकून देववत नाहीत आणि गठ्ठा वाढतच जातो. आम्ही जुने सोबती जमलो की वाचलेल्या पुस्तकांची नावं कोणाला धड आठवत नाहीत, पण नवी पेठेतल्या लायब्ररीतले अप्पा मात्र सगळ्यांना आठवतात.

तेव्हा सोलापुरात कॉलेज नव्हतं. आम्ही पुण्याला शिकायचो आणि परीक्षेआधीच्या रजेत अभ्यासाला घरी यायचो. ही लायब्ररी आमच्यासाठी खिडकीजवळचं लांब टेबल राखून ठेवी, जुन्या प्रश्नपत्रिका शिवून देई आणि मे महिन्याच्या सुट्टीत एका कार्डावर पाच पुस्तकं देई. अप्पा तिथले ग्रंथपाल. अक्कलकोटकडचे, निवृत्त शाळामास्तर. रागावले की कानडीत शिरायचे. ‘सुम्न कूडू’, म्हणजे गप बैस, एवढं कानडी सगळ्या सोलापूरच्या विद्यार्थ्यांना त्यांनीच शिकवलं असावं.

शांततेचं त्यांना भारी वेड. स्वतः अनवाणी फिरायचे. एकदा लायब्ररीचे अध्यक्ष नवे करकरणारे बूट घालून आले. अप्पांनी दारातच नमस्कार केला आणि बुटांकडे बोट दाखवलं. अध्यक्ष बिचारे मोज्यांवर सगळी लायब्ररी फिरले! एका मोज्याला भोक होतं, हेही आम्ही पाहिलं.

आमच्यातल्या सदाला अभ्यासापेक्षा अंदाजाची आवड. प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा चाळून त्याने अप्पांना हळूच विचारलं, यंदा काय येईल?

“जे तू वाचलेलं नाहीस ते,” अप्पा म्हणाले आणि पुढच्या कपाटाकडे गेले.

सुट्टीतल्या पुस्तकांना एक अट असे. परत करताना प्रत्येकातली एक गोष्ट अप्पांना सांगायची. सांगोल्याचा एक जण चारच पुस्तकं घेऊन आला. पाचवं कुठाय, असं विचारल्यावर मान खाली घालून म्हणाला, “आयला वाचून दाखवतोय. ती म्हनली, अर्ध्यात न्हेलंस तर घरात घेनार न्हाय.”

त्याच्या आईला अक्षरओळख नव्हती. अप्पांनी तिच्या नावाचं कार्ड केलं आणि सही करायच्या जागी तिचा अंगठा घेऊन यायला सांगितलं. मला वाटतं, आमच्या लायब्ररीची इतकी निष्ठावान सभासद दुसरी नव्हती.

पण आम्हा सगळ्यांत खरी काळजी होती ती नरसय्याची. हा भवानी पेठेतला, विणकराच्या घरचा. इंटरला एकदा आपटलेला आणि आता घरूनच पुन्हा बसणारा. या खेपेस नापास झाला तर कॉलेज बंद आणि जन्मभर माग, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. तो रोज सकाळी येई, पुस्तक उघडी आणि पाचव्या मिनिटाला टेबलावर डोकं टेकून झोपे.

एकदा अप्पांनी त्याला हलवून कारण विचारलं. तो ओशाळला.

“हितं लई शांत हाय अप्पा. घरी मागाचा आवाज असतोय, तितं पाठ होतंय. आवाज थांबला की झोपच येती.”

मग घरीच का बसत नाहीस, अप्पा म्हणाले.

“दिसलो की मागासाठी सुताच्या कांड्या भराय लावत्यात.”



दुसऱ्या दिवसापासून लायब्ररीत आवाज सुरू झाला. अप्पा आपल्या मेजाशी एक जाडजूड पुस्तक घेऊन बसत आणि त्यावर लायब्ररीचा शिक्का मारत. ठक, ठक, ठक, ठक. सकाळभर तेच, दुपारभर तेच. सदा वैतागून बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी तर अध्यक्षांना चिठ्ठीच लिहिली, की शांततेचे धडे देणारे अप्पा स्वतःच आमचा अभ्यास बुडवत आहेत. माझी परीक्षा तेवढी मला दिसत होती. नरसय्याने मात्र त्या तीन आठवड्यांत पुस्तकातून मान वर काढली नाही. त्या चिठ्ठीची मला आजही लाज वाटते.

निकाल लागला. नरसय्या पास झाला.

सुट्टीतली पाच पुस्तकं न्यायला तो आला, त्याच दिवशी अध्यक्षही माझी चिठ्ठी खिशात घालून आले. आता साधी चप्पल घालून, आणि तीही दारात काढून. अप्पांच्या मेजावरचं जाडजूड पुस्तक त्यांनी उचललं. गुरांच्या रोगांवरचं होतं. कोणी कधी नेलेलं नव्हतं. त्यांनी पान उलटलं, शिक्का. पुढचं उलटलं, शिक्का. पाठपोट, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत, कुठेकुठे तर एकावर एक चार चार.

“अप्पा, हे काय?”

अप्पांनी नरसय्याच्या कार्डावर पाचव्या पुस्तकाचं नाव लिहून पुरं केलं, शाई टिपली आणि मग वर पाहिलं.

“फार मागणी आहे साहेब त्याला. चोरीला जाईल म्हणून.”