अक्का, पाद्रीबोवा आणि दवबिंदू

खोटं बोलणाऱ्यांनी मला आयुष्यात फारसा त्रास दिलेला नाही. जो काही दिला तो चेन्नईतल्या नुंगंबाक्कममधल्या आमच्या घरमालकीणबाईंनी, खरं बोलून. बाई तंजावरकडच्या मराठी, मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सारी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणू लागलो. साताऱ्याहून अंबत्तूरच्या एका कारखान्यात नोकरीला आलो आणि त्यांच्या माडीवर भाड्याने उतरलो, त्या पहिल्याच संध्याकाळी माझ्यापुढे कॉफीचा टंबलर ठेवून त्या म्हणाल्या, "आमच्या पाद्रीबोवांस दोनदां देश सोडावा लागला. तुम्हीं एकदांच सोडलात." मला वाटलं, शेजारचे कुणी सद्गृहस्थ असावेत आणि व्हिसाची काहीतरी भानगड झाली असावी. मी सहानुभूतीने चौकशी केली, तेव्हा कळलं की गृहस्थांना जाऊन साडेचारशे वर्षं झाली आहेत.

हे पाद्रीबोवा इंग्लंडातले. चर्चमध्ये प्रवचन करायचे, रोग्यांना औषध द्यायचे आणि उरलेला वेळ चिखलात ओणवे होऊन झाडपाला बघायचे. त्या काळचे विद्वान वनस्पतींवर लॅटिनमध्ये लिहीत, तेही जुन्या पोथ्या वाचून. दारातलं गवत मात्र त्यांना ओळखता येत नसे. पाद्रीबोवांनी साध्या लोकांच्या इंग्रजीत ग्रंथ लिहिला, कारण औषध कुटणाऱ्याला लॅटिन कुठून यायचं? तिकडे गादीवरचं माणूस बदललं की धर्म बदलायचा आणि पाद्रीबोवांना गाशा गुंडाळावा लागायचा. पण पळतानाही ते वाटेतल्या परमुलखातली झाडं बघून ठेवायचे. बिशपांच्या चौकोनी टोप्यांचा त्यांना भारी राग. एकदा म्हणे जेवायला आलेल्या बिशपची टोपी त्यांच्या शिकवलेल्या कुत्र्याने पळवली. ही गोष्ट अक्का इतक्या रंगून सांगत, की वाटावं, कुत्रं त्यांच्याच अंगणात बांधलेलं असावं. मग एकदम गंभीर होऊन पुस्ती जोडत, "कुत्र्याचें मी पाहिलें नाहीं. ऐकलेलें."

ही पुस्ती हाच अक्कांच्या जगण्याचा कणा. पाद्रीबोवांची शिस्त अशी, की झाड स्वतः पाहिलं असेल तर कुठे पाहिलं ते लिहायचं आणि नसेल पाहिलं तर तसं सांगून टाकायचं. वनस्पतींपुरती ही शिस्त थोर आहे. अक्कांनी ती संसाराला लावली. भाचीला चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने फोनवर सहज विचारलं, मुलगी स्वभावाने शांत आहे ना? अक्का म्हणाल्या, "आहे म्हणतात. मी पाहिलें नाहीं." ती सोयरीक तिथेच आटोपली. मी कारखान्यात क्वालिटी विभागात आहे म्हटल्यावर त्यांना माझ्याबद्दल आदर वाटू लागला होता. पण शंभर नगांतले पाच तपासून आम्ही पेटीवर सही ठोकतो, हे मी भाबडेपणाने सांगून बसलो. "मग राहिलेल्यांवर कोण सही करतो?" "मीच, अक्का." "सरी," म्हणजे बरं, एवढंच त्या तमिळमध्ये म्हणाल्या, आणि आठवडाभर खालून सांबार आलं नाही.

अक्का स्वतःही ग्रंथ लिहीत होत्या. चेन्नईत आपल्या मर्जीने उगवणाऱ्या झाडपाल्याचा, आणि तोही तंजावरी मराठीत. मुलगा परदेशी, नातवंडं इंग्रजी बोलणारी, भाची भांडते ते तमिळमध्ये. मी एकदा विचारलं, हे वाचणार कोण? "तुम्हीं आहांत कीं," त्या म्हणाल्या, तेव्हा मी विषय बदलला. पुस्तक जवळजवळ झालं होतं, अडलं होतं एकाच झाडापाशी. दवबिंदू. ओल्या रेताड जमिनीला रुपयाएवढं चिकटून बसतं आणि पानांवरच्या चिकट थेंबांत चिलटं पकडून खातं. साऱ्या नोकरीत मुलींना दाखवलं ते बरणीतलं, मेलेलं; जिवंत असं कधी भेटलंच नाही. फोटो चालत नसे, कारण फोटो म्हणजे सांगोवांगी. त्यात डोळ्यांचं दुखणं निघालं. मधली नजर जाणार, कडेची तेवढी राहणार, असं डॉक्टर म्हणाले. अक्कांनी मला ते अगदी शांतपणे समजावलं, "तुमचे कान दिसतात, तोंड नाहीं. फार नुकसान नाहीं." मला हसू आलं, आणि मग फार वाईट वाटलं. डोळ्यांबद्दल त्यांची एवढीच तक्रार होती, की दवबिंदू बघेपर्यंत तरी टिकायला हवे होते.

त्या झाडाची चित्रं दाखवून दाखवून त्यांनी मला पुरतं तयार केलं होतं. त्यामुळे पाऊस ओसरल्यावर कारखान्यामागच्या तळ्याकाठी डबा खाताना पायाशी लाल चकत्या दिसल्या, तेव्हा मी घास खाली ठेवला. रविवारी अक्कांना गाडीत घालून तिथे नेलं. पदर खोचून त्या ओणव्या झाल्या आणि मान इकडून तिकडून तिरकी करत कितीतरी वेळ बघत राहिल्या. झाड बोटभरही नाही. कडेच्या नजरेला ते सापडेना. मग मी त्यांचं बोट धरून पानावर ठेवलं. बोट चिकटलं. "पान गोल कीं चमच्यासारखें?" त्यांनी विचारलं. "चमच्यासारखं." "केस कडेसच कीं सगळ्या पानावर?" "सगळीकडे. कडेचे लांब आहेत." "कांहीं धरलें आहे का त्यानें?" "चिलट आहे अक्का. अजून पाय हलवतंय." त्यावर त्यांनी बोट हळूच सोडवून घेतलं.

परतताना मी म्हटलं, अक्का, तुम्ही तिथवर आलात, हात लावलात, पाहिलं म्हणून लिहून टाका, कोण विचारायला येतंय? घरी आल्यावर त्यांनी मला लिहायला बसवलं आणि सांगू लागल्या, "दवबिंदू. अंबत्तुरास तळ्याकांठीं होतो. मी पाहिला नाहीं." झालं, असं समजून मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांचा हट्ट तीन वाक्यांत संपलेला मला बघवेना. "थांबूं नका," अक्का म्हणाल्या. "लिहा. आमच्या माडीवरच्यांनीं पाहिला. त्यांनीं पाहिला म्हणजे पाहिलाच." हे मी लिहिलं खरं, पण वाचून दाखवा म्हणाल्या तेव्हा शेवटची ओळ घाईघाईत वाचून टाकली.

आता गल्लीची सगळी खबर त्यांना मीच देतो. कामावर जाताना बघून ठेवायचं आणि संध्याकाळी पायरीवर बसून सांगायचं. कडुलिंबाला मोहर आला, शेवगा छाटला, भिंतीतल्या पिंपळाला दोन नवी पानं फुटली. एवढं जमतं मला. पण समोरच्या बदामाची पानं लाल झाली म्हणालो, की त्या विचारतात, "लाल म्हणजे केवढा लाल?" आणि मी पुन्हा फाटकापर्यंत जाऊन बघून येतो, तरी ते मला सांगता येत नाही.