बशीतली गोळी

सवयी कशा लागतात याचा अभ्यास करणारे दोन संशोधक तीन वर्षांपूर्वी भिलाईत आले होते. एक प्राध्यापक आणि त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी नागपूरकडची मुलगी. त्यांना कारखान्यातून निवृत्त झालेली, रक्तदाबाची गोळी सुरू असलेली माणसं हवी होती. आयुष्यभर शिफ्ट केलेल्या माणसाची झोप-जेवणाची वेळ दर आठवड्याला बदलत आलेली असते. अशा माणसाला साठीनंतर नवी सवय लागते का, हे त्यांना पाहायचं होतं.

मी भिलाईतच, कोहक्यात राहतो. मी नाव दिलं आणि खुर्सीपारच्या माझ्या सोबत्यालाही द्यायला लावलं. कित्येक वर्षं मी वर क्रेन चालवली आणि तो खाली उभा राहून मला हातानं इशारे करायचा. त्याची बायको वारून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. घरात तो एकटा.

मुलीनं प्रत्येकाला एक वही दिली. "काका, नवं काम जुन्या कामाला बांधायचं," ती म्हणाली. "सकाळचा चहा तर तुमचा चुकत नाही ना? मग चहा झाला की गोळी." वहीत रोजची दोन घरं होती. गोळी घेतली का, आणि स्वतःहून घेतली की कुणी आठवण करून दिली.

मी रोज 'स्वतःहून'पुढे बरोबरची खूण करत गेलो. खरं काय होतं ते आता सांगतो. चहा समोर यायचा तेव्हा गोळी बशीतच असायची. बायको ती ठेवायची आणि एक शब्दही बोलायची नाही. मग आठवण कुणी करून दिली? कुणीच नाही, असा माझा हिशेब. क्रेन सुरू करण्याआधी आम्ही तपासणीचा कागद भरायचो. वरचं मी बघायचो, खालचा हुक आणि दोर तो बघायचा आणि अंगठा दाखवायचा. त्याचा अंगठा पाहून मी खूण करायचो. काम झालं की खूण, मग ते कुणाच्याही हातानं होवो. घरची वही मी त्याच रीतीनं भरली. इथवरचं कुणी माफही केलं असतं.

पण पुढे आमच्या लेकीच्या बाळंतपणासाठी बायको पाच आठवडे रायपूरला गेली. चहा मी करू लागलो आणि गोळी राहू लागली. पहिल्या रविवारी वही उघडली तर सात दिवस कोरे. मी एका बैठकीत सगळे भरून टाकले. पुढचे चार रविवारही तेच. क्रेनचा कागद मी कधी असा भरला नाही, कारण खाली माणूस उभा असायचा. या वहीखाली कोण उभं आहे, असं मला वाटलं.

महिनाअखेरीस सिविक सेंटरजवळच्या एका खोलीत सगळ्यांना बोलावलं होतं. मुलीनं माझी वही वर धरली. "काकांचा एकही दिवस चुकला नाही," ती कौतुकानं म्हणाली. सोबत्याच्या वहीत फुल्याच फुल्या होत्या. बाहेर ऑटोची वाट पाहताना त्यानं विचारलं, "तुले कसं जमते बे?"

"जमून जाते."

"मले नाई जमत. चहा पेतो, कप धुतो, अन् दुपारी ध्यानात येते. डोस्कं गेलं वाटते माहं."

"होतंच कुठी?"

तो हसला, मीही हसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुढच्या बैठकीला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मधल्या काळात बायको परत आली आणि तिला कपाटात भरलेली पाकिटं सापडली. "ह्या गोळ्या इथंच कावून हायेत?" मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अन् तुमच्या त्या दोस्ताचं काय?"

तरी खुर्सीपारला जायला मी आणखी दोन महिने लावले. गेलो तर त्यानं गोळ्या सोडूनच दिलेल्या. डब्यात तशाच पडल्या होत्या.

"आपल्याच्यानं होत नाई ते," तो म्हणाला. "तू शाना, तुयं होते."

मी सांगितलं. बशीचंही सांगितलं, पाच रविवारांचंही.

"इतके महिने मी सोताले बेअक्कल समजून राहिलो."

"मारतं का मले?"

"मारतो. पयले चहा मांड."

त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. रक्तदाब इतका वाढला होता की डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही झापलं. घरी येऊन मी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काका, तुमची वही मला काढून टाकावी लागेल."

"काढ, बाई."

दोन आठवड्यांनी ती आली ती मला भेटायला नव्हे. स्वयंपाकघरात बायकोजवळ तासभर बसली. माझ्या शिफ्टबरोबर या घरात कुणाची झोप बदलत होती, डबा पहाटे चारला कोण भरत होतं, हे तिनं विचारलं. मी कधी विचारलं नव्हतं. शेवटी मुलगी म्हणाली, "काकू, तुमचीच वही ठेवायला हवी होती. पण आमच्या अभ्यासात फक्त रिटायर झालेली माणसं आहेत."

"मंग मले नको घेऊ, माय," बायको म्हणाली. "मी कुठी रिटायर झाली?"

मुलीनं ते लिहून घेतलं.

आता रोज सकाळी चहाच्या वेळी मी सोबत्याला फोन करतो. ही सवय नव्हे, ही आठवण झाली, असं मुलगी म्हणते. असेल. तिचं काम संपलं, पण सोबत्यानं स्वतःसाठी नवी वही सुरू केली आहे. परवा मीच फोन करायला विसरलो. दहा वाजता त्याचा आला.

"मेला का बे?"

"घेतली का तू?"

"नाई. तू?"

"नाई."

बायको त्या दिवशी विहारात लवकर गेली होती. आम्ही फोन चालू ठेवून गोळ्या घेतल्या. मग पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. 'स्वतःहून'पुढे फुली मारल्याचं त्यानं सांगितलं.

"घेतली ना आता," मी म्हणालो. "बरोबरची खूण चालते."

"नाई चालत," तो म्हणाला.