अजून किती राहिलेत?

रविवारी सकाळी बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी नेसरीच्या एसटीडी बूथवर आमच्या ह्यांचा काश्मीरहून पहिला फोन आला. तिथून हे सगळं सुरू झालं. आम्ही तिघी, मी, अक्काताई न् सुनीता; तिघींचेही मालक तिकडंच मिलिटरीत. बाकावर बसायचं, जिचा फोन येईल तिनं ऐकलेलं बाकीच्यांना सांगायचं. बाळंतिणीच्या घरी धुणं साठावं, तसे किस्से साठले!

माझी पोरगी तेव्हा तीन महिन्यांची. ह्यांनी तिला अजून बघितलंही नव्हतं. मी पहिलं तेच विचारलं, "अजून किती अतिरेकी राहिलेत? संपले की याल न्हवं?"

"आलो तवा चार हुते. चारी मारले. आता पाच हायती!"

अक्काताईच्या मालकांकडचं ऐका. तिथल्या एका म्हातारीनं संध्याकाळी अतिरेक्यांना जेवू घातलं आणि सकाळी ह्या जवानांना चहा दिला. साहेब तापले. म्हातारी म्हणाली, "बंदूक घेऊन दारात आलेल्याला नको कसं म्हणू? तुम्हाला म्हटलं का?"

साहेबांनी गुमान चहा संपवला.

एकदा हे म्हणाले, झडतीत जवानांनी एका पोराच्या थोरल्या भावाला सगळ्या गावादेखत मुस्काडलं. पुढच्या महिन्यात तो धाकटा घरातनं गायब.

मी म्हटलं, "त्यो पाचवा, त्योच का?"

"मागं लाईन लागलीया. ठेवतो."

सुनीताच्या मालकांना तिकडची वाट न् वाट पाठ झाली, आणि लगेच बदलीची ऑर्डर! तीही आमच्या ह्यांच्याच ठाण्यावर. सुनीता म्हणाली, "आमच्या शाळेतल्या गुरुजींगत की! पोरांची नावं पाठ झाली, की चालले दुसऱ्या गावाला."

मग गेल्या रविवारचा ह्यांचा फोन. झडतीत जवानांनी एका घरातला पिठाचा डबा जमिनीवर पालथा केला. सापडलं काहीच नाही. सगळे बाहेर पडले. हे मागं राहिले आणि ओंजळीनं पीठ परत भरायला बसले. घरची बाई दारात उभी. बघत होती.

आठ दिवसांनी गस्त तिच्या दारावरनं निघाली. ती पाण्याचा तांब्या घेऊन वाटेत आडवी आली. मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाली, "आज पुलावरनं जाऊ नका."

पुलाखाली सुरुंग निघाला.

 मी पोरगीला घट्ट धरलं.

"मी येतोय गं. सुट्टी मंजूर झाली. पर आधी सुनीताला गाठ. तिचे मालक हितं यायच्या आत मी निघालेला असणार. तिच्या मालकांचा फोन आला की सांगायला लाव. म्हणावं, नाल्याकडचं शेवटचं घर. तिथलं पीठ सांडायचं न्हाई."